पांघरुणाशिवाय

मुलाच्या, सिल्वानोच्या पावलाला हात लागला आणि नेरिनाने तो झटकन मागे घेतला. पाऊल गार होतं. मेलेल्या माणसाचं असतं तसं नव्हे. तो गारठा तिला माहीत होता, नवऱ्याच्या पायांत शेवटचे मोजे तिनेच चढवले होते. हा गारवा निराळा होता. थंडीच्या दिवसांत कुणी अनवाणी उठून पाणी प्यायला जावं आणि परत अंथरुणात शिरताना आपली पावलं शेजारच्याच्या पोटरीला टेकवावीत, तसा. माणूस घरातच आहे, जरा उठून गेला होता एवढंच सांगणारा. काल संध्याकाळी हेच पाऊल उबदार होतं. त्या उबेवर हात ठेवूनच तिने डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं होतं. पावाच्या दुकानासमोर रांगेत उभा असताना डोक्यातली शीर फुटली, मेंदू गेला, दोनदा तपासलं, छाती वरखाली होतेय ती यंत्रामुळे. आणि शेवटी तो प्रश्न: याच्या किडन्या दुसऱ्या कुणाला देऊ या का? तिने सुनेकडे पाहिलं होतं, सुनेने तिच्याकडे. "द्या," असं दोघींपैकी कोण आधी म्हणालं ते आता तिला आठवत नव्हतं. पण तो होकार उबदार पावलावर हात ठेवून दिला होता हे तिला पक्कं आठवत होतं. आणि आज सकाळी येऊन बघते तर हे.

तिने नीट पाहिलं. अंगावर एक पातळ चादर, तीही कमरेपर्यंतच. छाती उघडी, पोट उघडं, कुशी उघड्या. पाठीखाली कसलीशी निळी गादी, तिच्यातून नळी गेलेली आणि आत पाणी खळखळतंय. नेरिनाने काही विचार केला नाही. अंगातला तपकिरी स्वेटर काढला, दोन्ही हातांनी ताणून त्याच्या पोटावर घातला आणि कडा दोन्ही बाजूंनी कमरेखाली खोचायला सुरुवात केली. तिची बोटं ते काम इतकी वर्षं करत आली होती की त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. बरगड्या संपतात तिथे, पाठीच्या कण्याच्या अलीकडे, अंगठ्याने दाबून आत.

"मावशी, नका घालू ते," मागून दुन्या म्हणाली. दुन्या ही तिथली नर्स, रुंद हाडाची, बोलणं हळू. काल तिने नेरिनाला स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून दिलं होतं.

"अगं, अंगावर काटा येईल त्याच्या."

"नाही येणार, मावशी," दुन्या म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली.

"खिडकी उघडी टाकलीय कुणीतरी. बाहेर बोरा वारा सुटलाय, येताना बसच्या थांब्यावर मला खांब धरून उभं राहावं लागलं."

"आमच्या खिडक्या उघडतच नाहीत."

"मग हा इतका गार कसा?"

"आम्हीच ठेवलाय त्याला गार. थोडासाच, एक-दोन अंशांनी. त्याच्या किडन्या नीट राहाव्यात म्हणून."

नेरिना हसली. मोठ्याने आणि वाईट हसली. पडद्यापलीकडे कुणीतरी बोलायचं थांबलं. किडन्या नीट राहाव्यात म्हणून गार! ही मुलगी याच गावची ना? हिला आई नव्हती का? डोंगरावरून तो कोरडा वारा उतरायला लागला की रियेकातल्या समस्त बायका एकाच सुरात बोलत, जिन्यातून, गच्चीतून, बंदराच्या कठड्यापासून. उठ त्या दगडावरून, किडन्यांना थंडी बसेल. ओली चड्डी बदल आधी, किडन्यांना थंडी बसेल. समुद्रातून पोरं निघाली की टॉवेल घेऊन आया गुडघाभर पाण्यात पुढे धावायच्या. खोकला आला तर आला, गुडघे फुटले तर फुटले, पण पोराची कमर उघडी दिसली की आईची अब्रू गेली. नेरिना त्या सगळ्यांत पुढची. तिला कारणही होतं. एकोणिसाव्या वर्षी ती मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागली. सिमेंटच्या फरशीवर दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, सार्डिनची डोकी तोडायची, पुढे रबरी डगला असायचा पण मागची बाजू कायम ओली. पहिल्याच हिवाळ्यात तिला ताप भरला आणि कमरेत अशी कळ उठली की तिने दाताने उशीचा अभ्रा फाडला. आईने मीठ तव्यावर भाजलं, लोकरीच्या मोज्यांत भरलं आणि दोन्ही बाजूंना बांधलं. निवलं की पुन्हा भाजायचं. त्या भाजक्या मिठाचा वास अजून तिच्या नाकात होता. डॉक्टर म्हणाला होता, बाळंतपण या मुलीला झेपायचं नाही. म्हणून लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं ती आणि ब्रूनो दोघंच. ब्रूनो बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. आणि मग, शेजारणींनी विचारायचंसुद्धा सोडून दिल्यावर, सिल्वानो.

त्याला तिने उघडं राहू दिलं नाही. बनियन चड्डीत, चड्डी पँटमध्ये, शर्ट त्यावर, आणि सगळ्यावर तो पट्टा. सासूने सशाच्या लोकरीचा विणलेला, वीतभर रुंद, मागे दोन बटणांचा. खाजायचा. शाळेच्या फाटकाशी सगळ्यांसमोर त्याचा शर्ट वर करून तो पट्टा ती सरळ करायची आणि तो मान वर करून, आकाशात काही उडतंय असं बघत उभा राहायचा. संध्याकाळी घरी आला की पुन्हा शर्ट वर. कातडीवर विणीच्या उभ्या रेघा उमटलेल्या दिसल्या की तिच्या जिवात जीव यायचा. एकदा रेघा होत्या, पण हात लावला तर कमर गार. पोराने पट्टा दप्तरात कोंबला होता आणि शेवटच्या तासाला फळांच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पोटाशी दाबून धरून रेघा उमटवल्या होत्या. तिने त्याला मारलं. मग स्वतःच रडली. मग दोघं स्वयंपाकघरात बसून मक्याच्या पिठाचा गरम गरम पोलेंता दुधात कालवून खात होते आणि तो म्हणाला, "आई, किडन्या म्हणजे काय अंडी आहेत का, उबवायला?" तिला हसू आलं होतं, पण तिने ते पोलेंताच्या वाफेआड लपवलं. कशाला लपवलं? आता या निळ्या गादीच्या खळखळाटात उभी राहून तिला तो प्रश्न छळायला लागला. एवढंसं हसू. दिलं असतं त्याला तर काय बिघडलं असतं!

"मग मी नाही म्हणते," ती म्हणाली.

"काय नाही, मावशी?"

"काल हो म्हटलं ना, ते आज नाही. बोलव तुझ्या डॉक्टरला."

डॉक्टर स्तानिच आले. दान करण्याबद्दल घरच्यांशी बोलायचं काम त्यांचंच. काल विचारलं होतं तेही त्यांनीच. सिल्वानोपेक्षा लहान असतील. डगल्याची वरची दोन बटणं उघडी, आणि नेरिनाच्या मनात, एवढ्यातही, येऊन गेलं की याच्या गळ्याला वारं लागतंय. त्यांनी स्वेटरकडे पाहिलं, पण तो काढला नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, त्यामुळे तिलाही बसावं लागलं.

"बाई, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. कायदा काहीही असू दे, मी तुमच्या मनाविरुद्ध त्याला इथून हलवणार नाही. पण कशाने नाही, ते सांगाल?"

"गारठवलंय तुम्ही त्याला."

"हो."

"किडन्या द्यायच्या म्हणता आणि त्यांनाच गारठवता? मी चव्वेचाळीस वर्षं त्या जपल्या. तुम्हाला काय म्हणून दिल्या मी, बर्फाच्या दुकानात ठेवायला?"

डॉक्टर हसले नाहीत, हे तिने मनात नोंदवलं. ते पुढे झुकले. मग सावकाश सांगू लागले. रक्त थांबलं की किडनीला उपास घडतो. इथून काढून दुसऱ्याच्या शरीरात शिवेपर्यंत तो घडणारच, टाळता येत नाही. ती उबेत असेल तर कामात असते, आणि कामातल्याला भूक जास्त. मग त्या उपाशी वेळात तिला आतून इजा होते. कधी कधी इतकी, की नव्या माणसात गेल्यावर ती दिवसेंदिवस चालूच होत नाही. गार असली की भूक मंद होते. झोपेत असल्यासारखी राहते ती. म्हणून काढायच्या आधीपासूनच माणसाला जरा गार ठेवायचं. आणि काढल्यावर तर बर्फातच.

"बर्फाला लावून?" नेरिनाने विचारलं. मासे नुसते बर्फावर टाकले की त्यांचं अंग पांढरं पडतं, ते तिला दिसलं.

"नाही, नाही. बर्फ लागला तर करपेल ती. गार औषधाच्या पाण्यात, पिशवीत. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. ती तिसऱ्या. मग बाहेर बर्फ."

बनियन, शर्ट, पट्टा, असं तिच्या मनाने मोजलं आणि तिला स्वतःचाच राग आला. असं काही जुळलं म्हणजे पटलं असं होत नाही. डॉक्टरांचं बोलणं खरं असेल. ते शिकलेले होते, त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. पण खरं असणं वेगळं आणि त्या उघड्या कुशीकडे बघत बसणं वेगळं. हा गेलाय असं सगळे म्हणत होते. मग त्याला थंडी वाजत नाही, हेही खरंच. तिला ते कळत होतं. तिच्या हातांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवलेले ते हात सारखे उठू पाहत होते.

"कुणाला देणार त्या?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"दोघं आहेत?"

"दोघं. त्यांना बोलावणं गेलंय."

"म्हणजे निघाली असतील घरून."

डॉक्टरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. "तो विचार तुम्ही करू नका. तुमच्या होकाराचा तुमच्यावर भार नको," ते म्हणाले आणि उठले. "दुपारपर्यंत आहे वेळ. सूनबाईंशी बोला. तो स्वेटर... तुम्ही ठरवेपर्यंत राहू दे. फार वेळ नको." जाता जाता त्यांनी गादीच्या यंत्राकडे एक नजर टाकली, आणि मग सिल्वानोकडे. पण ती नजर सिल्वानोवर नव्हती, त्याच्या कुशींवर होती. नेरिनाला ती ओळखीची वाटली. अशा काळजीने त्या जागेकडे बघणारं दुसरं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं.

मिरेला यंत्रातल्या कॉफीचे दोन पेले घेऊन आली. ही सून मैदानी मुलखातली, समुद्र न बघता वाढलेली, वाऱ्याला न भिणारी. सासूसुनेचं पटायचं नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं, कारण दोघी एकमेकींशी फारशा बोलतच नसत. मिरेलाचे डोळे सुजले होते आणि केस धुतलेले, अर्धवट ओले होते. ओल्या केसांनी असल्या वाऱ्यात बाहेर पडलीय, नेरिनाच्या मनात आलं. मिरेलाने स्वेटर पाहिला. पेले खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"आई, हे काय?"

"थंडगार पडलाय तो."

"दुन्याने मला खाली सांगितलं सगळं. म्हणजे आता तुमचं नाही?"

"तुला चालतंय हे? असा उघडा?"

"मला काहीच चालत नाहीये," मिरेला म्हणाली. "कालपासून मी घरात त्याच्या चपला ओलांडत चालतेय, उचलत नाहीये. पण निदान एवढं तरी करू द्या ना त्याला. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि तुम्ही स्वेटरसाठी अडून बसलायत."

"स्वेटरसाठी नाही गं."

"मग कशासाठी? जन्मभर खोचत आलात त्याला. लग्नात, अहो, लग्नात फोटो काढताना तुम्ही माझ्यादेखत त्याचा शर्ट मागून ओढून बघितला होतात, आत बनियन आहे का म्हणून. माझ्या आत्या अजून हसतात."

"होता ना पण?"

"होता!" मिरेला हसली आणि त्याच दमात तिला रडू फुटलं; नाक पुसायला काही सापडेना, तेव्हा तिने बाहीच वापरली. मग ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि त्याच्या हातावरच्या पट्टीची सुटलेली कड दाबत राहिली. "एक सांगू?" ती म्हणाली. "त्याने कधी सांगू दिलं नसतं. तो बनियन घालायचाच नाही. कधीच नाही. हिवाळ्यातसुद्धा नाही. रात्री पांघरूण लाथाडून द्यायचा, खिडकी सताड उघडी. मी दोन रजया घेऊन कुडकुडत झोपायची आणि हा शेजारी उघडा, अंग भट्टीसारखं. म्हणायचा, मला लहानपणापासून उकडतंच. गाडीत एक बनियन असायचा, पुढच्या कप्प्यात, घडी घालून. रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचो ना, तर खाली जिन्यात उभा राहून तो घालायचा. शर्ट काढून, थंडीत, टपालपेट्यांच्या शेजारी. एकदा वरून तुमच्या त्या म्हाताऱ्या शेजारीण नोना फुमिका खाली आल्या आणि किंचाळल्या. मी विचारलं, एवढं कशाला? चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या तू. तर म्हणाला, ती दारातच पाठीवरून हात फिरवते. हाताला बनियन लागला की तिचा चेहरा बघ एकदा. तेवढ्यासाठी."

दारात तो यायचा तो क्षण नेरिनासमोर होता: खांद्यावर बाहेरचा वारा घेऊन वाकायचा, गालाला गाल लावायचा, आणि तिचा उजवा हात मागून त्याच्या पाठीवर. शर्टाखाली बनियनची शिवण लागायची. ती म्हणायची, "बरं केलंस." तो म्हणायचा, "तू सांगितलंयस ना." दर रविवारी. इतके रविवार. तिला वाटायचं, आपण वाढवलं तसा राहिला. आणि तो टपालपेट्यांच्या शेजारी उघडा उभा राहून घाईघाईने डोक्यातून बनियन घालत होता, वर येणाऱ्या पायऱ्यांवर श्वास जुळवत होता. म्हणजे जपत कोण होतं? तो पट्टा खाजायचा म्हणून नव्हे, त्याला उकडायचं म्हणून तो काढायचा. त्या पोराला बाराही महिने उकडत होतं आणि तिने त्याला भाजक्या मिठासारखं गुंडाळून ठेवलं. एकोणीस वर्षांची ती मुलगी, कमरेत कळ घेऊन ओल्या फरशीवर उभी, तिची थंडी होती ती. ती थंडी तिने याच्या अंगावर घातली आणि यानं ती कुरकुर न करता, निदान दाराच्या आत, घालून घेतली. तिला फार लाज वाटली नाही. लाज वाटायचं वय आता राहिलं नव्हतं. तिला फक्त त्याला एकदा तरी, गॅलरीत, उघड्याने वारा खात उभा बघायचं होतं, आणि काही म्हणायचं नव्हतं.

ती उठली. स्वेटरची एक कड सोडवली, मग पलीकडे जाऊन दुसरी. सोडवताना बोटं अडखळली. त्यांना खोचणं माहीत होतं, हे नव्हतं. स्वेटर निघाला तेव्हा कातडीवर विणीच्या फिकट रेघा उमटल्या होत्या. तिने त्यांच्यावर हात ठेवला नाही. आपला तळवा गरम आहे, असं तिला वाटलं.

"सांग तुझ्या डॉक्टरला," ती दारात आलेल्या दुन्याला म्हणाली. "घ्या म्हणावं. आणि नीट, त्या पिशव्या नीट बांधा म्हणावं."

दुपारी त्याला न्यायला आले. दोन माणसं, डॉक्टर स्तानिच, श्वासासाठी हवेची पिशवी दाबणारी एक मुलगी, आणि मागे दुन्या यंत्र ढकलत. दारापर्यंतच यायची परवानगी होती, पण लिफ्टपर्यंत कुणी अडवलं नाही. कॉरिडॉर लांब होता, बाहेरच्या भिंतीला काचा, आणि काचांच्या फटींतून बोरा शिटी घालत होता. खाली आखातात पाण्यावर पांढऱ्या रेषा पळत होत्या. नेरिना पलंगाच्या एका बाजूने चालत होती, मिरेला दुसऱ्या. चादर चालण्याच्या झटक्यांनी आणखी खाली सरकली होती. कुणीही ती वर घेतली नाही.

लिफ्टशी एक म्हातारी उभी होती, दवाखान्याच्या फुलाफुलांच्या झग्यात, सलाइनची काठी हातात धरून. बेटांवरची असावी, बोलण्यावरून. पलंग आला तशी ती बाजूला झाली, तिने सिल्वानोकडे पाहिलं, मग त्याच्या उघड्या कमरेकडे, आणि तिचा चेहरा आकसला.

"अगं बाई! या वाऱ्यात? कुणाचा हा? तुमचा का?" ती थेट नेरिनाला म्हणाली. "ओढा की ती चादर वर! आजारी माणूस आहे, अंगात काही नाही, आणि तुम्ही नुसत्या बघत चालताय? कमालच आहे. आई ना तुम्ही त्याची?"

डॉक्टर थबकले. मिरेला काही बोलणार होती, तिचा श्वास आत गेलेला ऐकू आला, पण नेरिनाने पलंगावरून हात लांब करून तिचं मनगट दाबलं.

"आई," नेरिना म्हणाली. "त्याला उकडतं हो. लहानपणापासून."

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं आणि मान फिरवली. लिफ्टचं दार उघडलं. पलंग आत गेला. आधी पाय, मग तो.